लिओनिदास पोल्क : कर्जात बुडालेल्या शेतकऱ्यांचा पुढारी

अमेरिका म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे गगनचुंबी इमारती, मोटारींचे कारखाने आणि डॉलरची श्रीमंती उभी राहते. इतिहासाच्या क्रमिक पुस्तकांतून वॉशिंग्टन, लिंकन, रूझवेल्ट अशी मोजकी नावे आपल्या परिचयाची असतात. पण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात याच देशातले लक्षावधी शेतकरी सावकाराच्या वहीत अडकलेले होते, पीक घरात येण्यापूर्वीच दुसऱ्याचे झालेले पाहत होते, हे आपल्यापैकी फारच थोड्यांना ठाऊक असते. या शेतकऱ्यांना संघटित करणाऱ्या आणि राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीच्या उंबरठ्यापर्यंत जाऊन पोहोचलेल्या एका कापूस-उत्पादकाची ओळख करून देणे हा या लेखाचा हेतू आहे. त्याचे नाव लिओनिदास लाफायेत पोल्क.

पोल्कचा जन्म २४ एप्रिल १८३७ रोजी नॉर्थ कॅरोलायना राज्यातील अॅन्सन परगण्यात झाला. घरची शेती होती आणि दक्षिणेतील इतर जमीनदार घरांप्रमाणे गुलामही होते. वडील आणि पाठोपाठ आई वारल्यामुळे ऐन पोरवयातच तो पोरका झाला. वाट्याला आलेली जमीन आणि वाट्याला आलेले गुलाम घेऊन त्याने संसार मांडला. मध्यंतरी डेव्हिडसन कॉलेजात जेमतेम वर्षभर शिक्षण झाले. १८५७ मध्ये विवाह झाला आणि १८६० मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, तो राज्याच्या कनिष्ठ सभागृहावर निवडून आला. पुढे त्याने दलितांची नव्हे, तरी कर्जबाजारी शेतकऱ्यांची बाजू हयातभर मांडली. पण त्याच्या आयुष्याचा आरंभ गुलामांच्या श्रमावर उभ्या असलेल्या शेतीत झाला, ही गोष्ट त्याच्या चरित्राचा विचार करताना विसरून चालणार नाही.

यादवी युद्ध आणि त्यानंतर

दक्षिणेतील राज्ये संघराज्यातून फुटून निघाली तेव्हा पोल्क मनाने संघराज्यवादी होता. फुटून निघणे शहाणपणाचे नाही, असे त्याचे मत होते. परंतु राज्याने निर्णय घेतल्यावर तो राज्याबरोबर राहिला आणि दक्षिणेच्या सैन्यात गेला. १८६३ च्या जुलैमध्ये गेटिसबर्गच्या प्रसिद्ध लढाईत तो जखमी झाला. पुढे त्याच्यावर भ्याडपणाचा ठपका ठेवून लष्करी खटला भरण्यात आला, त्यात तो निर्दोष सुटला. १८६४ मध्ये सैनिकांनीच त्याला आपला उमेदवार म्हणून पुन्हा विधिमंडळात पाठविले. १८६५ मध्ये युद्ध संपले. राज्याची नवी घटना तयार करण्यासाठी भरलेल्या परिषदेत तो प्रतिनिधी होता. त्यानंतर काही वर्षे त्याने राजकारण बाजूला ठेवले आणि तो शेतीकडे वळला.

१८७० नंतरच्या दशकात एक नवा रेल्वेमार्ग त्याच्या जमिनीवरून गेला. पोल्कने संधी ओळखली, आपल्या शेताचे भूखंड पाडले आणि तेथे एक गाव वसविले. पोल्कटन हे त्या गावाचे नाव आजही कायम आहे. १८७४ मध्ये त्याने ‘द अॅन्सोनियन’ नावाचे छोटे साप्ताहिक सुरू केले. शेती, वृत्तपत्र आणि राजकारण हे तीन धागे येथून पुढे त्याच्या आयुष्यात एकत्र विणले गेलेले दिसतात.

पिकावरचा बोजा

पोल्कचे कार्य समजून घ्यावयाचे तर त्या काळातील दक्षिणेच्या शेतीची अर्थव्यवस्था आधी समजून घ्यावी लागेल. युद्धाने दक्षिणेतील बँका बुडविल्या, चलन कवडीमोल केले. गुलामगिरी संपली, पण मुक्त झालेल्या माणसांच्या हाती जमीन आली नाही. जमीनवाल्याकडे मजुरी द्यायला रोकड नव्हती. यातून बटाईची पद्धत रूढ झाली. जमीन मालकाची, कष्ट बटाईदाराचे आणि पीक दोघांत वाटून घ्यावयाचे.

आता पीक हाती येईपर्यंत खावयाचे काय? बी-बियाणे, खत, मीठ, पीठ, कापड आणायचे कोठून? याचे उत्तर गावातल्या दुकानदाराकडे होते. तो सर्व माल उधारीवर देई आणि त्या बदल्यात उभ्या पिकावर आपला बोजा चढवून घेई. कायद्याने त्याला तसा हक्क दिला होता. दुकानात प्रत्येक वस्तूला दोन भाव असत, एक रोखीचा आणि दुसरा उधारीचा. उधारीचा भाव रोखीपेक्षा बराच चढा असे आणि व्याज त्यातच मिसळलेले असे. त्यामुळे आपण नेमके किती टक्क्यांनी कर्ज घेतले आहे, हे शेतकऱ्याला कधी उमगतच नसे.

दुकानदाराची आणखी एक अट असे. शेतकऱ्याने कापूसच लावला पाहिजे! मका किंवा भाजीपाला घरात खाल्ला जातो, पण कापूस बाजारात जातोच, आणि म्हणून तारण म्हणून कापूस अधिक भरवशाचा. याचा परिणाम असा झाला की ज्याच्याजवळ जमीन होती, त्यालाही धान्य विकत घ्यावे लागू लागले. सर्वांनीच कापूस लावल्याने भाव घसरत गेला. भाव घसरला म्हणून कर्ज फिटेना, कर्ज फिटेना म्हणून पुढच्या वर्षी पुन्हा त्याच दुकानदाराकडे जाणे भाग पडे, आणि तो पुन्हा कापूसच लावायला सांगे. १८९४ मध्ये तर कापसाचा भाव पौंडाला पाच सेंटांच्याही खाली गेला. हंगामाच्या वेळी एकाच वेळी सगळा माल बाजारात येत असल्याने भाव पडलेले असत आणि पुढे ते चढले तरी त्याचा लाभ व्यापाऱ्याला होई.

महाराष्ट्रातील वाचकाला हे सारे ओळखीचे वाटल्यावाचून राहणार नाही, आणि त्याला कारणही आहे. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे दक्षिणेचा कापूस इंग्लंडातील गिरण्यांना मिळेनासा झाला तेव्हा १८६१ ते १८६५ या काळात मुंबईच्या बाजारात कापसाला सोन्याचा भाव आला. खानदेश-वऱ्हाडातला कापूस लँकेशायरला जाऊ लागला. युद्ध संपताच तो डोलारा कोसळला. दख्खनच्या शेतकऱ्यांवर त्या दशकात आणि नंतर जी संकटे आली, त्यांत ही भावाची घसरणही होती. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांतले दस्तऐवज काढून जाळले. एकाच पिकाचा बाजार अॅन्सन परगण्यातील शेतकऱ्याला आणि आपल्याकडील शेतकऱ्याला एका दोरीने बांधत होता, मात्र दोघांनाही परस्परांचे नाव ठाऊक नव्हते.

सरकारी खात्यापासून वृत्तपत्रापर्यंत

१८७७ मध्ये नॉर्थ कॅरोलायनात शेतकी खाते स्थापन झाले. त्यासाठी पोल्कने ‘ग्रेंज’ या शेतकरी संघटनेच्या माध्यमातून बरीच खटपट केली होती. तोच या खात्याचा पहिला आयुक्त झाला. बाजारात खताच्या नावाखाली काहीही विकले जात असे. खत विकणाऱ्यांवर परवान्याची फी बसवून त्या उत्पन्नातून खाते चालविणे आणि खतांची रासायनिक तपासणी करणे हे काम सुरू झाले. त्याच वर्षी राज्यात शेती संशोधनाचे एक प्रयोग केंद्रही निघाले. अशी केंद्रे त्या वेळी अमेरिकेत अपवादानेच होती. पोल्कने परगण्यापरगण्यांतून शेतीची माहिती मागविली आणि राज्यभर दौरे केले. परंतु हाती पैसा थोडा आणि अधिकार त्याहून थोडे. अखेर १८८० मध्ये त्याने राजीनामा दिला.

नंतरची पाचसहा वर्षे चाचपडण्याची गेली. त्याने वृत्तपत्रांत काम केले, व्यापार केला, घटसर्पावरचे एक पेटंट औषधसुद्धा विकून पाहिले. शेवटी १० फेब्रुवारी १८८६ रोजी विन्स्टन या गावी त्याने ‘द प्रोग्रेसिव्ह फार्मर’ हे साप्ताहिक सुरू केले आणि त्याला स्वतःचे काम सापडले.

या पत्रात सुरुवातीला खताचा वापर, पिकांची अदलाबदल, गुरांची निगा असे विषय असत. स्वतःच्या घरापुरते धान्य स्वतः पिकवा, कापसावर सारी भिस्त ठेवू नका, हा उपदेश तो सतत करी. पण हळूहळू त्याच्या लिखाणाचा सूर बदलला. केवळ चांगली शेती केल्याने शेतकरी सुखी होत नाही, हे त्याच्या ध्यानात आले. रेल्वे कंपन्या, बँका आणि कारखाने भरभराटीला येत असताना त्या सर्वांना पोसणारी शेती मात्र खंगत चालली आहे, तेव्हा दोष शेतकऱ्याच्या आळसात नसून व्यवस्थेत आहे, असे तो मांडू लागला. शेतकी सल्ल्यापासून राजकीय प्रश्नापर्यंतचा हा प्रवास त्याच्या चरित्रातील सर्वांत महत्त्वाचा भाग होय.

शेतकऱ्यांनी मागितलेले कॉलेज

आपण विद्यार्थी असल्यामुळे या चरित्रातील एका प्रकरणाकडे आपले लक्ष विशेष वेधले जाईल. १८६२ च्या मॉरिल कायद्यान्वये अमेरिकेच्या मध्यवर्ती सरकारने प्रत्येक राज्याला शेतकी आणि यांत्रिक शिक्षणासाठी जमिनीच्या रूपाने मदत दिली होती. नॉर्थ कॅरोलायनात या मदतीचे वार्षिक ७,५०० डॉलर व्याज चॅपल हिल येथील विद्यापीठाकडे जात असे. पण तेथे लॅटिन-ग्रीकचे वर्ग भरत आणि शेतकऱ्याच्या मुलाला शेतीचे शिक्षण मिळतच नसे. ज्याच्या नावाने पैसा येतो, त्याच्या पदरात काही पडत नाही, हा पोल्कचा आक्षेप होता.

त्याने गावोगाव शेतकरी मंडळे काढली आणि १८८७ च्या जानेवारीत राजधानी रॅले येथे शेतकऱ्यांची मोठी सभा भरविली. वॉटॉगा क्लब नावाच्या रॅलेतील तरुण मंडळींनी औद्योगिक शिक्षणासाठी आधीच चळवळ चालविली होती. दोन्ही प्रवाह एकत्र आले. मार्च १८८७ मध्ये विधिमंडळाने शेतकी आणि यांत्रिक कॉलेज स्थापन करण्याचा कायदा केला आणि १८८९ मध्ये त्याचे वर्ग सुरू झाले. तेच आजचे नॉर्थ कॅरोलायना स्टेट युनिव्हर्सिटी. त्यातील एका इमारतीला पोल्कचे नाव आहे. ज्याला स्वतःला कॉलेजचे एकच वर्ष लाभले, त्याने हे घडवून आणले. बाप्टिस्ट पंथीयांनी मुलींसाठी कॉलेज काढावे म्हणूनही तो झटला. ते कॉलेज मात्र त्याच्या मृत्यूनंतर, १८९९ मध्ये उघडले.

अलायन्सची लाट

टेक्सासमध्ये उगम पावलेली ‘फार्मर्स अलायन्स’ ही संघटना १८८७ मध्ये नॉर्थ कॅरोलायनात आली. पोल्क तिचा राज्य-चिटणीस झाला आणि ‘प्रोग्रेसिव्ह फार्मर’ तिचे मुखपत्र बनले. पाहता पाहता राज्यातील सभासदांची संख्या नव्वद हजारांच्या घरात गेली. अलायन्सच्या शाखांतून खते आणि अवजारे एकत्रित खरेदी केली जात, हिशेब शिकवला जाई, व्याख्याने होत. स्त्रियांनाही सभासदत्व खुले होते.

संघशक्ती म्हणजे काय, हे १८८८ च्या तागाच्या प्रकरणात दिसून आले. कापसाच्या गाठी बांधण्यासाठी तागाचे गोणपाट लागे. हा ताग आपल्या बंगालातून जात असे. गोणपाट तयार करणाऱ्या कारखानदारांनी संगनमत करून त्याचा भाव एकदम चढविला. तेव्हा अलायन्सच्या शेतकऱ्यांनी तागाच्या गोणपाटावर बहिष्कार घातला आणि सुती गोणपाटात गाठी बांधायला सुरुवात केली. अटलांटा येथे तर एका लग्नसमारंभात दोन्ही जोडप्यांनी या सुती गोणपाटाचेच कपडे घातले होते! कारखानदारांना अखेर नमते घ्यावे लागले.

डिसेंबर १८८९ मध्ये सेंट लुईस येथील अधिवेशनात पोल्कची अलायन्सच्या राष्ट्रीय अध्यक्षपदी निवड झाली. पुढील दोन्ही वर्षी त्याची फेरनिवड झाली. याच अधिवेशनात चार्ल्स मॅक्यून याने आखलेली ‘उपकोषागार’ योजना मांडण्यात आली. योजनेचा गाभा साधा होता. सरकारने जागोजाग वखारी बांधाव्यात. शेतकऱ्याने आपला माल तेथे ठेवावा आणि बाजारभावाच्या ८० टक्के रक्कम अगदी अल्प व्याजाने कर्जाऊ घ्यावी. भाव चढले की माल विकून कर्ज फेडावे. यामुळे दुकानदाराचा पाश सुटला असता आणि हंगामात माल कवडीमोलाने विकण्याची वेळ आली नसती. वॉशिंग्टनमधील पुढाऱ्यांनी ही योजना वेडगळ म्हणून धुडकावून लावली.

१८९० च्या डिसेंबरात फ्लॉरिडातील ओकाला येथे अलायन्सने आपल्या मागण्या निश्चित केल्या. त्यांत उपकोषागार योजना होती, त्याचबरोबर चढता प्राप्तिकर, सिनेटच्या सभासदांची थेट जनतेकडून निवड, चांदीच्या नाण्यांची खुली पाडणी आणि रेल्वेवर सरकारी नियंत्रण या मागण्याही होत्या. त्याच वर्षीच्या निवडणुकीत नॉर्थ कॅरोलायनाच्या विधिमंडळात शेतकऱ्यांचे बहुमत झाले होते. १८९१ च्या या ‘शेतकरी विधिमंडळा’ने रेल्वे आयोग नेमला, शाळांचे अनुदान वाढविले आणि ग्रीन्सबरो येथे दोन संस्था स्थापन केल्या, एक मुलींच्या शिक्षणासाठी व दुसरी कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या शेतकी-यांत्रिक शिक्षणासाठी.

झाकून न ठेवण्याची बाजू

येथपर्यंतचे चरित्र वाचून पोल्कला महात्मा ठरविण्याचा मोह होईल. तो आवरला पाहिजे. अलायन्स ही गोऱ्यांची संघटना होती. कृष्णवर्णीय शेतकऱ्यांची ‘कलर्ड फार्मर्स अलायन्स’ ही निराळी संघटना १८८६ मध्ये टेक्सासमध्ये निघाली होती. दोन्ही संघटनांच्या मागण्या पुष्कळशा सारख्या होत्या. परंतु गोरा शेतकरी कितीही कर्जात असला तरी अनेकदा तो जमिनीचा मालक होता, आणि कृष्णवर्णीय सभासद बहुधा बटाईदार किंवा मजूर होते.

हे अंतर १८९१ च्या सप्टेंबरात उघडे पडले. कापसाच्या वेचणीला शंभर पौंडांमागे एक डॉलर मजुरी मिळावी म्हणून कृष्णवर्णीय मजुरांचा संप पुकारण्यात आला. पोल्कने त्याला कडाडून विरोध केला. शंभर पौंडांना पन्नास सेंटांपेक्षा अधिक देण्यापेक्षा कापूस शेतात राहू द्यावा, असा सल्ला त्याच्या पत्राने शेतकऱ्यांना दिला. आर्कान्सासमध्ये संप करणाऱ्या मजुरांपैकी अनेकांना ठार मारण्यात आले. कृष्णवर्णीयांच्या मतदानाच्या हक्काचे संरक्षण करू पाहणाऱ्या लॉज विधेयकाचाही ओकालाच्या अधिवेशनात धिक्कार करण्यात आला होता.

व्यापाऱ्याने आपल्याला लुबाडले म्हणून पेटून उठणारा शेतकरी, स्वतःच्या शेतावरच्या मजुराने एक डॉलर मागताच व्यापाऱ्याचीच भाषा बोलू लागतो, हे या कथेतील कटू सत्य आहे. येथे आपल्याला महात्मा जोतीराव फुले यांची आठवण होते. १८७३ मध्ये त्यांनी आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केला आणि दहा वर्षांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. शेतकऱ्याची लूट आणि जन्मावरून लादलेली गुलामी हे दोन प्रश्न एकमेकांपासून तोडता येत नाहीत, ही जाण जोतीरावांपाशी होती. पोल्कच्या चळवळीपाशी ती नव्हती, आणि त्याची किंमत तिला पुढे मोजावी लागली.

अखेर

१८९२ च्या फेब्रुवारीत सेंट लुईस येथे शेतकरी आणि कामगार संघटनांची मोठी परिषद पोल्कच्या अध्यक्षतेखाली भरली. दोन्ही जुने पक्ष शेतकऱ्यांना दाद देत नाहीत, तेव्हा यादवी युद्धातले वैर विसरून पश्चिमेच्या व दक्षिणेच्या शेतकऱ्यांनी हातमिळवणी करावी, असे त्याने बजावले. नवा ‘पीपल्स पार्टी’ हा पक्ष ४ जुलैला ओमाहा येथे राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार निवडणार होता आणि पोल्कचे नाव आघाडीवर होते. परंतु ११ जून १८९२ रोजी, अवघ्या पंचावन्नाव्या वर्षी, वॉशिंग्टन येथे त्याचे निधन झाले. अधिवेशनाला जेमतेम तीन आठवडे उरले होते.

त्याच्या जागी आयोवाच्या जेम्स वीव्हरला उभे करण्यात आले. त्याला दहा लाखांहून अधिक मते आणि २२ निर्वाचक मते मिळाली. पण वीव्हर हा उत्तरेच्या सैन्यातला सेनानी. दक्षिणेतील एकाही राज्यात त्याला यश आले नाही. पोल्क जगता तर काय झाले असते, हा प्रश्न इतिहासकारांनी पुष्कळदा विचारला आहे. १८९४ मध्ये नॉर्थ कॅरोलायनात पीपल्स पार्टीने कृष्णवर्णीयांचा पाठिंबा असलेल्या रिपब्लिकन पक्षाशी युती करून विधिमंडळ जिंकले. मात्र १८९८ मध्ये विरोधकांनी वर्णद्वेष पेटविला, विल्मिंग्टन शहरात कृष्णवर्णीयांची कत्तल करून निवडून आलेले नगरशासन बळाने उलथून पाडले आणि १९०० मध्ये कृष्णवर्णीयांचा मताधिकार हिरावून घेतला. गोऱ्या व काळ्या शेतकऱ्यांची एकजूट जेथे कच्ची होती, घाव नेमका तेथेच बसला.

पक्ष संपला, पण मागण्या संपल्या नाहीत. प्राप्तिकर आणि सिनेटची थेट निवडणूक या दोन्ही गोष्टी १९१३ मध्ये अमेरिकेच्या घटनेत आल्या. १९१६ मध्ये वखारींचा कायदा झाला आणि १९३३ पासून शेतमालाच्या तारणावर सरकारी कर्ज मिळू लागले. वेडगळ ठरविलेली उपकोषागार योजना चाळीस वर्षांनी वेगळ्या नावाने अवतरली. शेतमाल तारण कर्ज योजना या नावाने आपल्या बाजार समित्यांतूनही अशी सोय मिळते, तिचे तत्त्व तेच आहे.

रॅलेतील पोल्कचे राहते घर आज जतन केलेले आहे. त्याने सुरू केलेले नियतकालिक त्याच्यामागेही अनेक पिढ्यांच्या घरांत जात राहिले. आपल्यापैकी बरेच जण शेतकऱ्यांच्या घरांतून या कॉलेजात आले आहेत. पीक कोणाच्या वखारीत पडते, भाव कोण ठरवतो आणि वेचणीची मजुरी कोणाच्या हाती पडते, हे प्रश्न आपल्या घरांतही रोज बोलले जातात. पोल्कने यातील पहिल्या दोन प्रश्नांना निर्भयपणे हात घातला आणि तिसऱ्याकडे पाठ फिरविली. त्याचे चरित्र वाचताना त्याच्या यशाइतकाच या अपयशाचाही अभ्यास आपण केला पाहिजे.